मोबाईल मुलाच्या हातात नको, मान्य. पण गुरुजींच्या हातातही नको?

ताई, नमस्कार.

अभ्यासात मोबाईलची मदत कशी होते, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परत परत वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंचा मुलगा सातवीत आहे, मुलगी तिसरीत. मुलाच्या शाळेचा गृहपाठ रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. तो बघायला म्हणून फोन हातात घेतला की पोरगं रील्समधून बाहेरच येत नाही. प्रोजेक्ट म्हणजे नेटवरून चित्रं शोधायची, झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढायच्या आणि वहीत चिकटवायच्या. ताई लिहितात, "भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झालीय. तुमच्यासारखे शिक्षक मोबाईलचं कौतुक करतात आणि निस्तरावं लागतं आम्हा आयांना. जगभर शाळांत बंदी येतेय. मोहित्यांच्या वडगावात भोंगा वाजवून मोबाईल बंद करतात. दहावीपर्यंत मुलांच्या हाती मोबाईल नको आणि वर्गात शिक्षकांच्याही नको." शेवटी त्या विचारतात, शाळेला नेमकं सांगायचं तरी काय?

तुमच्या घरात जे चाललंय त्याची बाजू मी घेणार नाही. गृहपाठ वर्गातच द्यायचा, फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी तो आपल्या हाताने वहीत उतरवून घ्यायचा. मुलाने उतरवून घेतला की गृहपाठ त्याचा असतो. ग्रुपवर आला की तो आईच्या गळ्यात पडतो. रात्री नऊला आला तर मग विचारायलाच नको. रंगीत प्रिंट चिकटवलेल्या प्रोजेक्टमधून मूल कात्री आणि डिंकाशिवाय काही शिकत नाही. खर्च मात्र आई-बापांना होतो, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांची मुलं वर्गात मान खाली घालून बसतात. हे बंद झालं पाहिजे, यात दुमत नाही.

तुमच्या काळजीला आकड्यांचाही आधार आहे. 'असर' या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं, की गेल्या आठवड्यात फोनवर काय केलंत? अभ्यासाचं काहीतरी केलं असं सांगणारी ५७ टक्के होती, सोशल मीडिया वापरला असं सांगणारी ७६ टक्के. पेरू देशात सरकारने खेड्यापाड्यांतल्या शाळांना मुलांसाठी लॅपटॉप दिले. २०१२ मध्ये त्याचं मूल्यमापन झालं, तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. वस्तू हातात दिली की शिक्षण आपोआप होतं, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करून ठेवावं.

पण तुम्ही पुढे जाऊन शिक्षकाच्या हातातलाही फोन काढून घ्या म्हणता, तिथे मी तुमच्यासोबत येऊ शकत नाही. त्याचं कारण सांगतो.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. जी मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात ती निदान डोळ्यांसमोर असतात. जी आई-बापांबरोबर जातात त्यांची शाळा चार-पाच महिने सुटते. कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहणाऱ्या पोरापर्यंत मी रोज पोचू शकत नाही. माझा फोन पोचतो. तिकडे स्मार्टफोन असतोच असं नाही. बापाच्या खिशातला साधा बटणांचा फोनही चालतो. संध्याकाळी फडातून माणसं परतली की लावायचा.

चौथीतल्या एका मुलीला असंच फोनवर विचारलं, "आईने सकाळी २४ मोळ्या बांधल्या, दुपारी १८. त्यातल्या ३० ट्रॉलीत चढल्या. खाली किती राहिल्या?" पलीकडे शांतता. मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग ती म्हणाली, "बारा." मी विचारलं, "कसं काढलंस?" तर म्हणे, "चोवीसला तीस व्हायला सहा पाहिजेत. अठरातल्या सहा दिल्या. बारा राहिल्या." मी तिला आधी बेरीज मग वजाबाकी अशीच मांडणी शिकवली होती. ही वाट तिची स्वतःची. त्या उत्तरावरून मला कळलं, की तिला संख्या फोडता येतात, पुढच्या वेळी तिला जरा अवघड द्यायला हरकत नाही. हे ना व्हिडिओतून कळलं असतं, ना ग्रुपवर टाकलेल्या लिंकमधून.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर मी इतका जोर दिला नसता. २०२० मध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात काही घरांना दर आठवड्याला गणिताचा एसएमएस पाठवला गेला. दुसऱ्या काही घरांना एसएमएस तर पाठवलाच, शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षकाने फोन करून वीसेक मिनिटं मुलाबरोबर उदाहरणं सोडवली. नुसत्या एसएमएसचा काही परिणाम दिसला नाही. जिथे फोन गेला तिथली मुलं गणितात पुढे सरकली. नंतर भारतासह पाच देशांत असा प्रयोग झाला, तिथेही फोनवरच्या शिकवणीचा उपयोग दिसला. मला यातून एवढंच कळतं, की मोबाईलवरून मुलाकडे काय पाठवलं यापेक्षा मुलाकडून काय आलं आणि ते कुणी ऐकलं याला महत्त्व आहे.

आपल्याकडे २०२० मध्ये गावोगाव नेमकं उलटं झालं. ग्रुपवर रोज लिंका येत होत्या, उत्तरं कुणी विचारत नव्हतं. शिवाय फोन बापाबरोबर कामावर गेलेला असायचा. २०२१ च्या 'असर'मध्ये घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. घरात एकच फोन असला तर तो आधी मुलाला मिळतो आणि मग मुलीला, हे मी घरोघरी पाहतो. तुमच्या प्रतिक्रियेतही मुलाचंच सगळं आहे, धाकटीचा उल्लेख एका शब्दात. राग मानू नका, पण तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

वर्गातला माझा फोन कशाला लागतो तेही सांगतो. ५०२ मधून २७८ वजा करायला दिले. एकाने उत्तर लिहिलं ३७६. ॲपवर हे उत्तर टाकलं तर लाल फुली येते, विषय संपला. मी त्याच्या वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवला आणि नंतर निवांत पाहिला. पोरगं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होतं: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वजाबाकी त्याला येत होती. दशकाच्या घरात शून्य असताना शतक सुटं करून आणायचं, ते त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. शंभराचा गठ्ठा सोडला, दहा दशक झाले. त्यातला एक दशक सोडला, दहा सुट्या झाल्या. त्याने स्वतः मोजून २२४ काढले. वर्गातल्या सगळ्या वह्या त्याच तासात अशा वाचता येत नाहीत. फोटो ठेवले की संध्याकाळी शेजारी शेजारी लावून बघता येतात, आणि तीच चूक आणखी कोणाकोणाची आहे तेही दिसतं. शिकवणं काड्यांनीच झालं. पण कुठे काड्या घेऊन बसायचं ते फोटोने सांगितलं.

बंदीच्या बातम्या तुम्ही वाचल्यात त्या खऱ्या आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदाच केला. पण त्या कायद्यात शिकवण्यासाठीच्या वापराला आणि अपंग विद्यार्थ्यांच्या गरजेला सवलत ठेवली आहे. बंदी आहे ती मुलांनी शाळेत स्वतःचा फोन वापरण्यावर. तशी बंदी आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत असावी, मी पाठिंबा देईन. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाचाही सूर हाच आहे: शिकण्याला उपयोग होत असेल तरच तंत्रज्ञान वापरा.

आणि सांगलीतलं मोहित्यांचं वडगाव. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास मोबाईल, टीव्ही बंद. मला हा निर्णय मनापासून आवडतो, कारण तो एकट्या मुलांसाठी नाही. टीव्ही बापाचाही बंद होतो, फोन आईचाही बाजूला जातो. मुलाला 'अभ्यासाला बस' म्हणून स्वतः स्क्रोल करत बसण्याची सोय त्या दीड तासात राहत नाही. तुमच्या सोसायटीत भोंगा वाजणार नाही, पण सात ते साडेआठ हे तुमच्या चौघांपुरतं ठरवता येईल.

आता शाळेला काय सांगायचं ते. पुढच्या पालकसभेत एकट्याने उठू नका, तीन-चार पालक मिळून उठा. गृहपाठ वहीत लिहून द्या, ग्रुपवर फक्त सुट्ट्या आणि सूचना टाका, तेही संध्याकाळी सहाच्या आत, असं सांगा. प्रोजेक्ट हाताने लिहिलेला आणि हाताने काढलेलाच घ्या, हे मुख्याध्यापकांकडून मान्य करून घ्या. ग्रुपवर व्हिडिओची लिंक आली तर विचारा, की हा पाहून मुलाने वर्गात काय करून दाखवायचं आहे? उत्तर नसेल तर तो पाहायला लावू नका.

आणि घरी. तिसरीतल्या मुलीला तिच्या बालभारतीतला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा आणि तुमच्या फोनवर रेकॉर्ड करा. एक मिनिट पुरे. फोन तुमच्याच हातात राहू द्या. नंतर पुस्तक समोर धरून ऐका. या वयात जोडाक्षरांत गडबड असते: 'प्रकाश'चं 'परकाश' होतं, 'सूर्य'चं 'सूरय'. रफार अडतोय की रकार, ते तुम्हालाच कळेल, आणि तेवढेच शब्द चार दिवस वहीत घ्या. महिन्याने तोच परिच्छेद पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही तिला ऐकवा. आपण पुढे गेलो हे मुलांना स्वतःच्या आवाजात ऐकू आलं की त्यांना आणखी वाचावंसं वाटतं.

मुलगा सातवीतला, त्याला हे बालिश वाटेल. त्याला बहिणीसाठी गोष्ट रेकॉर्ड करायला सांगा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पीडीएफ उतरवून घेता येतात आणि छापायलाही मुभा आहे. झेरॉक्सच्या दुकानात जायचंच असेल तर त्या गोष्टी छापून आणा. गोष्ट बहिणीला समजली पाहिजे म्हटल्यावर त्याला स्वल्पविरामावर थांबावं लागेल आणि अडलेला शब्द विचारावा लागेल. पहिली गोष्ट कुठली निवडलीत ते इथे जरूर कळवा; तिसरीच्या वयाला झेपेल का, ते मी बघून सांगेन.