घोकंपट्टी करून वाचवायची राजकन्या

गेले तीन रविवार मी एकाच माणसाला पुन्हा पुन्हा फासावर चढवतोय. तो बिचारा निर्दोष (म्हणजे चोरच आहे, पण ते सोडा), बटण मीच उशिरा दाबतो.

गेमचं नाव 'क्लिफ हँगर'. १९८३ सालचं, अमेरिकेतल्या स्टर्न कंपनीचं, नाणं टाकून खेळायचं आर्केड मशीन. आता लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. त्याच वर्षी आलेल्या 'ड्रॅगन्स लेअर' या गेमसाठी सगळं कार्टून मुद्दाम काढलं होतं. स्टर्नने तो खर्चच टाळला. जपानमधले ल्युपिन नावाच्या कार्टून-चोराचे दोन तयार सिनेमे उचलले, कापले, लेझरडिस्कवर (व्हिडिओच्या तबकडीवर) चढवले आणि ल्युपिनचं नव्याने बारसं केलं: क्लिफ. हरलात की क्लिफला फाशी. तो शॉट १९७८च्या सिनेमातला आणि गेमच्या नावावरचा पांचट विनोदही तोच (हँग म्हणजे फाशी).

दुसरा सिनेमा १९७९चा 'कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो', म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधले दिग्गज हायाओ मियाझाकी यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. अमेरिकेतल्या थिएटरांत तो रीतसर लागला १९९१ मध्ये. म्हणजे त्याआधी आठ वर्षं तिथली पोरं नाणी टाकून मियाझाकी बघत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता!

आता खरं सांगतो. गेम म्हणून हा प्रकार भिकार आहे. सिनेमा आपला आपण चालू असतो. ठरलेल्या क्षणी जॉयस्टिक ठरलेल्या दिशेला ढकला, नाहीतर 'हात' किंवा 'पाय' असं बटण दाबा. विचार करायला जागाच नाही. आपल्या दहावीच्या इतिहासासारखं पाठ करा, ओका, पुढे सरका. मी तर वहीत उत्तरं लिहून ठेवलीत!

पण माझा खरा राग छपरावरच्या प्रसंगावर आहे. सिनेमात ल्युपिन दोर बांधलेलं छोटं रॉकेट घेऊन छपरावर बसतो. लायटर पेटत नाही, रॉकेट हातातून निसटतं, ते पकडायला तो उतारावरून धावतो आणि मग थांबताच येत नाही. शेवटी नाइलाजाने मारतो उडी! सगळी गंमत त्या फजितीत आहे. गेममध्ये तीच फजिती बरोबर उत्तर होऊन बसते. ठरलेल्या ठोक्याला घसरलात तर पास.

आणि ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावतो, त्यातलं इथे काहीच नाही. पंक्चर झालेलं चाक बदलायचं कुणी म्हणून ल्युपिन आणि त्याचा साथीदार जिगेन हातांचा दगड-कागद-कात्री खेळतात, ते गेलं. तिथे दाबायला बटण नाही ना! तरी त्यानंतरचा गाड्यांचा पाठलाग आहे. ती पिवळी फियाट ५०० सिनेमाचे अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक यासुओ ओत्सुका स्वतः चालवायचे तीच, आणि जिला वाचवायचं त्या राजकन्या क्लॅरिसची सित्रोएन म्हणजे मियाझाकींची पहिली गाडी. त्या फियाटला मी आजवर इतक्या वेळा दरीत घातलंय की तिच्या चाकांची वळणं मला आता फ्रेमसकट पाठ आहेत. सिनेमा इतक्यांदा पाहूनही ती कधी नीट दिसली नव्हती.

काल रात्री कसाबसा छपरापर्यंत पोचलो. वहीत लिहिलं होतं 'पाय'. दाबला 'हात'.

फाशी.