'विमान कंपन्या सेफ्टी स्वतःच सांभाळतात' या मेसेजला उत्तर

एक मेसेज फिरतोय, की एक विमान पडलं तर कंपनीच बुडते म्हणून सेफ्टी त्या आपोआप सांभाळतात, बाहेरचा रेग्युलेटर फक्त कागद वाढवतो. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

आधी ती बुडायची भीती घ्या. भीती वाटायला धोका दिसावा लागतो ना, आणि स्टँडर्ड काय एका दिवसात खाली येत नाही. अलास्का एअरलाइन्समध्ये एमडी-80 विमानांच्या शेपटीतल्या जॅकस्क्रूला (शेपटीचा आडवा पंख हलवणारा मोठा स्क्रू) ग्रीस लावायचं काम 1985 मध्ये 700 उड्डाणतासांनी व्हायचं, मग 1000, मग 1200, मग 1600, आणि 1996 मध्ये थेट 8 महिन्यांनी, म्हणजे जवळजवळ 2550 तास. एकेक वाढ सुटी बघितली तर किरकोळच वाटते, मागच्या वाढीने काही बिघडलं नाही मग पुढची द्यायला कोण घाबरणार. 31 जानेवारी 2000 ला फ्लाइट 261 च्या त्या स्क्रूच्या नटाचे आटे झिजून तुटले, विमान समुद्रात पडलं, 88 माणसं गेली. आणि हो, एफएए, म्हणजे अमेरिकेची विमानांची सरकारी रेग्युलेटर होती, पण ती मान डोलावत राहिली, म्हणून मला नावापुरता रेग्युलेटरही नकोय.

बरं, नफ्याचा प्रश्नच नसेल तिथे? ब्रिटनच्या हवाई दलाचं निमरॉड नावाचं विमान 2006 मध्ये अफगाणिस्तानवर हवेतच पेटलं, 14 जण गेले. ज्या सेफ्टी केसमध्ये (विमानाचे धोके शोधून ते सुरक्षित आहे हे दाखवणारा अहवाल) हा धोका सापडायला हवा होता ती करतानाच सगळ्यांनी धरून चाललं होतं की विमान 30 वर्षं उडतंय म्हणजे सेफच आहे. चौकशीनंतर 2010 मध्ये त्यांना लष्करी विमानांवर देखरेख करणारी वेगळी मिलिटरी एव्हिएशन अथॉरिटी उभी करावी लागली.

'आतल्या इंजिनियरना जास्त कळतं' हे मात्र खरंय. पण बोइंगच्या 737 मॅक्स विमानाच्या वेळी एफएएच्या वतीने बरीचशी तपासणी करणारे लोक बोइंगच्याच पगारावर होते. एमकॅस, म्हणजे विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारं सॉफ्टवेअर, एकाच सेन्सरवर चालायचं, टेस्टिंग चालू असताना त्याची ताकद, म्हणजे ते शेपटीचा आडवा पंख एका वेळी किती फिरवू शकतं, 0.6 डिग्रीवरून 2.5 वर नेली आणि एफएएमधल्या बऱ्याच जणांना त्याचा नीट पत्ताच नव्हता. दोन अपघात, 346 माणसं. कळणं वेगळं आणि ज्याच्या हातात आपलं प्रमोशन आहे त्याला नाही म्हणणं वेगळं.

शेवटचा मुद्दा, विमानप्रवास आज इतका सुरक्षित आहे मग तपासणी कशाला. अहो तो सुरक्षित झाला त्यात स्वतंत्र अपघात चौकशी आणि त्यातून सगळ्यांवर बंधनकारक झालेल्या नियमांचा मोठा वाटा आहे, आणि काही झालं नाही म्हणून ढील द्या हेच तर त्या ग्रीसच्या बाबतीत दहा-अकरा वर्षं चाललं होतं.