गर्दी करावी तर परदेशात

नागपूरच्या माणसाला गर्दी आवडत नाही. म्हणजे फुकटची आवडत नाही. दिवाळीच्या आधल्या रविवारी बर्डीच्या मेन रोडवर खांद्याला खांदा लागला की आपण "बाप्पा, काय हे!" म्हणत मॉलचा एसी गाठतो. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारावरून जाताना तर गाडीची काचसुद्धा खाली करत नाही. तेव्हा गर्दीची हौसच असेल तर आधी पासपोर्ट काढा, टूरवाला माणशी सांगेल तेवढे हजार मोजा आणि थायलंड गाठा.

त्यातही चिआंग माई. बँकॉक-पट्टाया सगळेच करतात. "आम्ही जरा हटके गेलो होतो" असं पुढे सांगायला हे बरं पडतं. मंगराय राजाने 1296 साली वसवलेलं गाव, जुन्या वस्तीभोवती चौकोनी खंदक, आणि दर रविवारी दुपार कलली की थापे गेटपासून वाट फ्रा सिंग मंदिरापर्यंतचा साधारण किलोमीटरभर रस्ता गाड्यांना बंद आणि बाजाराला मोकळा. दोन्ही बाजूंना चटया, मेजं, दिवे, आणि मधून माणसांचा पूर. नेमका रविवार साधा. सोमवारी तिथे नुसता रस्ता असतो, आणि रस्ते आपल्याकडेही आहेत, निदान उन्हाळ्यात.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गेटसमोर फोटो. "इतिहास जपावा तर यांनी," हे वाक्य जरा मोठ्याने म्हणा. आज दिसतं ते गेट 1980 च्या दशकात नव्याने बांधलेलं आहे, म्हणजे जवळपास तुमच्या मोठ्या भावाच्या लग्नाच्या अल्बमच्या वयाचं, याने फरक पडत नाही. महालातलं गांधी गेट, ज्याला जुने लोक अजून जुम्मा दरवाजा म्हणतात, त्याच्यापाशी आपण आजवर फक्त हॉर्न वाजवला, हेही त्या क्षणी आठवू नये. फोटोत चेहरा पडतो.

मग आत शिरा. इथे धक्के लागतील, पण त्यांना धक्के म्हणायचं नाही, वातावरण म्हणायचं. कोळशाचा धूर डोळ्यांत गेला तर तो माहौल. रस्त्याच्या मधोमध दृष्टिहीन वादक रांगेत बसून वाजवत असतात, त्यांचा व्हिडिओ घ्या. पेटीत नोट टाकायची की नाही हे व्हिडिओ किती चांगला आला त्यावर ठरवा. नागपुरात सिग्नलवर असं कोणी दिसलं तर काच वर करायची असते. दोन्ही ठिकाणचे नियम वेगळे आहेत, गल्लत करू नका.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण टूरमधल्या काकू तिथेच अडकतात. त्या रस्त्यावरची देवळं त्या संध्याकाळी आपली आवारं खाऊच्या गाड्यांना देतात. लोक स्तूपाच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून नूडल्स ओढत असतात. हे पाहून "किती छान संस्कृती" म्हणा. आपल्या कॉलनीतल्या देवळासमोर भेळवाला उभा राहिला तेव्हा विश्वस्तांकडे तक्रार कोणी केली होती, हा विषय काढणाऱ्या नातेवाइकाला पुढच्या टूरला नेऊ नका.

एका कोपऱ्यात बिडाच्या खळग्यांच्या तव्यावर नारळाचं दूध आणि तांदळाच्या पिठाचे गोल गोल काहीतरी होत असतं. त्याचं नाव खनोम क्रोक. काकू म्हणतील, "अगंबाई, हे तर आप्पेच!" त्यांना गप्प करा. आप्पे घरी बायको करते, त्याचे पैसे पडत नाहीत. हे खनोम क्रोक आहे, याची रील होते. निळं सरबत दिसलं तर घ्या. ते गोकर्णीच्या फुलांचं असतं, तीच गोकर्ण जी तुमच्या गेटवर चढली म्हणून मागच्या महिन्यात माळ्याकडून उपटून टाकली. लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. "वाव" म्हणा.

शाकाहारी असाल तर लाल अक्षरांची पिवळी पाटी शोधा, तिथे मांस-मासळी नसते. बाकी जवळजवळ सगळ्यात नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, असतोच. तो असतो हे कळल्यावर खायचं की खाऊन झाल्यावर कळायचं, एवढाच निर्णय तुमच्या हातात. काही भाऊलोक या भानगडीत न पडता हॉटेलच्या खोलीत बसून पिशवीतला चिवडा खातात आणि खाली उतरून फोटोपुरता तळलेला विंचू हातात धरतात.

आणि सावजी खाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. कच्च्या पपईचं सोम ताम लाकडी उखळीत कुटताना बाई बोटांनी खुणावते, मिरच्या किती? आपण छाती फुगवून सांगतो, "टाक ना वो, आम्ही नागपूरचे!" तिला नागपूर माहीत नसतं, पण छाती कळते. थाई भाषेत तिखटाला 'फेत' म्हणतात. आपल्या 'पेटला'शी त्याचं काय नातं असावं ते दुसऱ्या घासाला उमगतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी "आपल्या तर्रीसमोर काहीच नाही" म्हणायचं आणि शहाळं मागायचं. दोन.

आता खरेदी. बाट हे तिथलं चलन, एका बाटला साधारण अडीच-तीन रुपये धरा आणि दर वस्तूपाशी उभं राहून मोठ्याने गुणाकार करा. विक्रेतीला मराठी कळत नाही, या विश्वासावर अख्खा संवाद चालवा. "अहो, शंभर म्हणून राहिली ती." "साठ म्हण. नाही तर चल म्हण, ती बोलावते का पाहू." ती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवेल, तुम्ही खोडून तुमचा टाका, ती हसेल. हे हसू तुमच्या हुशारीचं कौतुक आहे असं समजा. हत्ती छापलेली ढगळ सुती पँट घ्याच. घरातल्या प्रत्येकाला एक, शिवाय जाऊबाईंना द्यायला तीन. बोरिवलीहून आलेले काका तीच पँट तुमच्यापेक्षा दहा बाटने स्वस्त आणतील, रात्री जेवताना सांगतील आणि टूर संपेपर्यंत सांगत राहतील. त्यावर उपाय नाही.

घासाघिशीच्या ऐन रंगात, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, लाउडस्पीकरवर त्यांचं राष्ट्रगीत लागतं आणि तो पूर जिथल्या तिथे थांबतो. तव्यावरचा हातही थबकतो. अशा वेळी आपणही थांबावं. न थांबलेला एकटाच ग्रुप कुठला, हे सगळ्यांना लगेच दिसतं. मी पाहिलंय, कारण मीही त्यातच होतो. आमचं सत्तरवर आलं होतं.

परत आल्यावर आठवडाभर स्टेटस टाका. "रस्त्यावरच्या बाजारालाही कशी शिस्त!" त्याच आठवड्यात कॉलनीच्या ग्रुपवर निवेदन फिरत असेल: कोपऱ्यावरची पाणीपुरीची गाडी, फूटपाथवरची भाजीवाली आणि कडुनिंबाखाली शिलाई मशीन घेऊन बसणारा टेलर यांना तातडीने हटवावं, कॉलनीचा दर्जा खालावतोय. नि:संकोच सही करा. कोणी आगाऊ पोट्टं ग्रुपवर लिहील की 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, महापालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं, नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत. त्याला उत्तर देत बसू नका. लागोपाठ चार सुप्रभाताचे फोटो टाका, मेसेज आपोआप वर जातो. फारच चिकट निघाला तर सांगा की बँकॉकच्या पालिकेनेही 2017 साली फूटपाथवरचे विक्रेते उठवायचा बेत जाहीर केला होता. परदेशप्रवासाचा असा उपयोग होतो.

हत्तीची पँट पहिल्याच धुण्यात बसायच्या जागी उसवते. सगळ्यांचीच उसवते, जाऊबाईंच्या तिन्हीही. नवीन शिवणाऱ्या बुटीकवाल्या असलं काम हातात घेत नाहीत, घरी सुईत दोरा ओवायला चष्मा सापडत नाही. पँट पिशवीत घालून कडुनिंबापर्यंत चालत जा. तिथे मशीनच्या पायांचे चार खळगे दिसतील आणि थोड्या रंगीत चिंध्या. महापालिकेची गाडी कालच येऊन गेली, असं शेजारचा वॉचमन सांगेल.