खुलासा: ‘दलित’ म्हटलं की गुन्हा, ‘हरिजन’ चालतं?

‘दलित शब्दावर बंदी आली, तोंडातून निघाला तरी अॅट्रॉसिटी, त्याऐवजी हरिजन म्हणा’ असा मजकूर नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. यातले दोन्ही दावे चूक, आणि दुसरा तर उलटाच.

2018 मध्ये केंद्राने सरकारी कामकाजात ‘अनुसूचित जाती’ लिहावं असं राज्यांना कळवलं. पुढे ऑगस्टमध्ये खासगी वाहिन्यांनाही ‘दलित’ टाळण्याची सूचना गेली. सूचना, कायदा नव्हे. तुमच्या-आमच्या बोलण्यावर बंदी नाही. कितीतरी लेखक-कार्यकर्ते स्वतःला अभिमानाने दलित म्हणवतात. अॅट्रॉसिटी लागते ती जातीवरून मुद्दाम, लोकांसमोर अपमान केला तर.

आता ‘हरिजन’. गांधीजींनी हा शब्द रूढ केला तो चांगल्या हेतूने, पण ज्यांच्यासाठी होता त्यांनाच तो खटकला. 1938 मध्ये मुंबई विधानसभेत विधेयकात हा शब्द आला, तेव्हा आपल्या नाशिकचेच दादासाहेब गायकवाड त्याविरुद्ध बोलले. आम्ही देवाची माणसं, मग बाकीचे काय राक्षसांचे? असा त्यांचा रोख. शेवटी बाबासाहेबांसह त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सांगणाऱ्या शहराला हे ठाऊक नसावं, याचं नवल वाटतं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘हरिजन’ हा शब्द आज अवमानासाठी वापरला जातो असं नोंदवलं आहे.

तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.