२४ गिअरचे ९ का केले – दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय, ठीक आहे, पण खाली जे लिहिलंय ते वाचून उद्या दुसरं कोणी गोंधळेल म्हणून जरा सविस्तरच लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, सरांचं म्हणणं असं की आम्ही त्यांच्या माउंटन बाईकचे २४ गिअर काढून ९ केले, गिअर कमी करायचेच वर पैसे घेतले, आता नवी मुंबईच्या पाम बीच रोडला ग्रुपमधे सायकल पळत नाही, पाय नुसते गरागरा फिरतात, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) कडक झालाय, मागच्या मोठ्या कॉगवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवर) आवाज येतो, आणि नुसती केबल बदलून काम झालं असतं.

केबलचं आधी घेतो. तुम्ही आलात तेव्हा पुढचा डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलतो तो भाग) जाम होता, चेन पेडलजवळच्या तीन दातेरी रिंगांपैकी मधल्या रिंगवरून हलतच नव्हती, आणि तुमची तक्रार होती की येऊरचा डोंगर चढताना गुडघे दुखतात. आमच्या पोराने पहिला पर्याय केबल-हाउसिंग बदलून डिरेलर साफ करायचाच सांगितला होता, तो सगळ्यात स्वस्त. तेव्हा तुम्हीच म्हणालात की दर पावसाळ्यात हेच होतं, उपवनवरून वर जाऊन आलं की चिखल बसतो आणि पुन्हा जाम, एकदाच काय ते करून टाका. मग वन बाय नाईनचं, म्हणजे पुढे एकच रिंग आणि मागे नऊ कॉग, असं बोलणं झालं. असो.

आता पाम बीच. मोठी रिंग गेली की टॉप स्पीड जाणार हे खरंच आहे, त्यात वाद नाही, आणि काम करायच्या आधी हे सांगितलं होतं. आकडेच देतो. आधी पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या रिंगा आणि मागे ११ ते ३२ दात्यांचे कॉग होते, आता पुढे एकच ३२ आणि मागे ११ ते ४६. मिनिटाला ९० पेडल धरले तर तुमच्या साडेसत्तावीसच्या चाकावर ४२-११ ला (पुढे ४२, मागे ११) ताशी साधारण ४४ चा स्पीड निघतो आणि ३२-११ ला ३४ च्या आसपास. म्हणजे दहा किलोमीटरचा फरक कागदावर तरी आहेच.

पण सर, कागदावर. तुमच्या जुन्या क्रँकची (पेडलचे दांडे आणि रिंगा) पिशवी आम्ही सायकलसोबत दिली आहे, ती जरा उघडून बघा. ४२ च्या रिंगचे दाते शोरूममधून काढल्यासारखे आहेत, २४ ची गंजलीय, आणि मधली ३४ ची पार झिजून दाते टोकदार झालेत. रिंग खोटं बोलत नाही. याचा अर्थ बहुतेक सगळं रायडिंग मधल्या रिंगवरच झालंय, आणि त्या रिंगवरचा सगळ्यात जड गिअर म्हणजे ३४-११, त्याचा स्पीड निघतो ३६. तर तुम्ही जे खरोखर वापरत होता त्यातून गेले दोनच किलोमीटर. मी तुम्हाला खोटं पाडायला लिहीत नाहीये, इथे येणाऱ्या दहातल्या सात-आठ सायकलींची हीच कथा असते, माझ्या स्वतःच्या जुन्या सायकलची पण तीच होती.

आणि मिळालं काय ते पण बघा. चढाला तुम्ही ३४-३२ वर चढत होता, पेडलच्या एका फेऱ्याला चाक एकापेक्षा थोडं जास्तच फिरणार, १.०६. आता ३२-४६ ला ०.७०. जुनी छोटी रिंग चालू असती तरी २४-३२ ला ०.७५ च मिळालं असतं. येऊरला फॉरेस्टच्या नाक्यापासून वर एअरफोर्सकडे जाताना हा फरक गुडघ्याला कळतो, आणि गुडघ्याबद्दल तुमच्या रिव्ह्यूत एक ओळ नाहीये म्हणजे तो भाग बरा असावा असं मी धरतो.

२४ गिअर हा आकडा सायकल विकताना बोलायला छान असतो, २१ गिअर, २४ गिअर, पोरं पण तेच विचारतात. पण त्यातले कितीतरी एकमेकांवर चढलेले असतात. २४ च्या रिंगला मागे १५ टाका, १.६०. ३४ ला मागे २१ टाका, १.६२. पायाला काय फरक कळणार? शिवाय मोठी रिंग मोठा कॉग आणि छोटी रिंग छोटा कॉग ही जोडी वापरायचीच नसते, चेन तिरकी जाते. स्रॅम कंपनीने २०१२ ला एक्सएक्सवन हा गिअर सेट काढला, पुढे एकच रिंग आणि मागे ११ कॉग, १० ते ४२, तेव्हा हे महागातलं काम होतं. नंतर हळूहळू खालच्या रेंजमधे आलं, आणि आता चांगल्या माउंटन बाईकच्या बऱ्याच फ्रेमवर पुढचा डिरेलर लावायला जागाच नसते. आम्ही काही ठाण्यात बसून शोध लावलेला नाही.

पैसे. गिअर "काढायचे" पैसे नाही घेतले. मोठी कॅसेट (मागच्या कॉगांचा संच), ती झेपेल असा लांब केजचा मागचा डिरेलर, त्याचाच शिफ्टर, नवी चेन, आणि क्रँक. क्रँक का, तर तुमच्या जुन्या क्रँकच्या रिंगा रिव्हेट मारलेल्या होत्या, नुसती रिंग बदलता येत नाही. नवीन रिंगचे दाते एक जाड एक बारीक असे असतात, त्यामुळे पुढे डिरेलर नसताना पण चेन उडत नाही, साधी रिंग लावून ते होत नाही. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलीय.

शिफ्टर कडक लागतो कारण या मागच्या डिरेलरमधे क्लच आहे, तो चेन ताणून धरतो, खड्ड्यात चेन फ्रेमवर आपटत नाही. डिरेलरवर छोटा लिव्हर आहे, पाम बीचसारख्या गुळगुळीत रस्त्यावर तो खाली करून ठेवा, अंगठ्याला लगेच हलकं लागेल. येऊरला जाताना परत वर. डिलिव्हरीला दाखवला होता पण त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतं.

मोठ्या कॉगवरचा आवाज मात्र सायकल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. नवी केबल थोडी बसते, तेवढंच असेल तर पाच मिनिटांचं ॲडजस्टमेंट आहे. बी-स्क्रू (डिरेलर आणि कॉगमधलं अंतर ठरवतो तो) असू शकतो. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो भाग) वाकलेला असेल. मोठ्या कॉगवर चेन थोडी तिरकी चालते हा वन बायचा स्वभावच आहे, हलकी खरखर येणार, पण कटकट असा ठोका येत असेल तर तो यायला नको.

वन बायचा एक तोटा तुम्ही लिहिला नाहीत तो मीच लिहितो, दोन गिअरमधला गॅप मोठा असतो, सपाट रस्त्यावर एकाच स्पीडला तासभर चालवताना कधी हा जड कधी तो हलका असं होतं. म्हणूनच ज्यांचं सगळं रायडिंग घोडबंदर रोड नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवर आहे त्यांना आम्ही हे करा असं सांगत नाही. तुम्ही तेव्हा येऊरच म्हणाला होतात, पाम बीचचा ग्रुप नंतर सुरू झालेला दिसतोय, आणि त्यात रोडबाईकवाले असतील तर ४२ ची रिंग लावून पण वाशी ते किल्ला जंक्शन त्यांच्या मागे लागणं जड आहे, टायर पण बघा ना आपले केवढे.

तर माझं म्हणणं, ३४ ची रिंग लावू. चढाला ०.७४, म्हणजे तुमच्या जुन्या छोट्या रिंगइतकाच हलका, आणि वर ३६ चा स्पीड परत. ३६ ची पण मिळते पण ती चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासते का ते लावून बघावं लागेल. रिंगचे पैसे लागतील, लेबर घेणार नाही. आणि नकोच असेल हे सगळं तर जुना सेट पिशवीत आहे, परत थ्री बाय एट (पुढे तीन, मागे आठ) करून देऊ, फक्त ती मधली रिंग इतकी झिजलीय की नव्या चेनवर घसरेल, म्हणजे क्रँक नवीनच घ्यावा लागेल, मी तरी ते करणार नाही.

सोमवारी बंद असतं. येण्याआधी फोन करा म्हणजे ३४ ची रिंग काढून ठेवतो, आणि सायकल गाडीत आडवी टाकून आणणार असाल तर डिरेलरची बाजू वर ठेवा.