डोक्यावरच्या खपल्या आणि तो फिरणारा मेसेज

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा मेसेज आला, "ताई, हे खरंय का गं?" आणि खाली तो फॉरवर्ड. माझ्याकडे तो आता चौथ्यांदा आलाय, तुमच्याकडेही एव्हाना येऊन गेला असेल. नसेल आला तर थोडक्यात सांगते. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या किंवा कोंडा दिसला म्हणजे डोकं कोरडं पडलंय. आई डोकं नीट धुत नाही म्हणून होतं. वेळीच काढलं नाही तर त्या जागी केस येत नाहीत. उपाय काय, तर रात्री ऑलिव्ह ऑइलमध्ये कापूर घालून भरपूर थापायचं, सकाळी बारीक दातांच्या कंगव्याने "मुळापासून" खरवडून काढायचं, मग लिंबाचा रस, आणि एवढ्यानेही नाही गेलं तर मोठ्यांचा कोंड्याचा शॅम्पू पाणी घालून. शेवटी ठळक अक्षरात, "० ते १० वर्षांच्या सर्व मुलांसाठी, १०० टक्के नैसर्गिक, डॉक्टरकडे जाण्याची गरज नाही."

बहिणीची लेक अडीच महिन्यांची आहे. टाळूवर आणि भुवयांत पिवळट खपल्या आल्यात. पोरगी मजेत दूध पितेय, झोपतेय, आणि आईचा जीव मात्र खालीवर. तिला फोनवर जे बोलले तेच इथे लिहितेय, जरा पसरट होईल, पण माझा या मेसेजवर जुना राग आहे आणि तो का ते पुढे येईलच.

तर पहिलं, "डोकं कोरडं पडलंय". सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण एकदा कोरडेपणा म्हटलं की तेल थापणं ओघानेच येतं. ती खपली बोटाने हलकेच चोळून बघा ना. कोरडी त्वचा असते ती पांढरी, भुग्यासारखी झडते. ही खपली पिवळसर असते, बोटाला मेणासारखी लागते, आणि केसाला धरून बसते. म्हणजे इथे तेल कमी नाहीये, जास्त झालंय. डॉक्टर याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात, बोलताना क्रेडल कॅप. बाळ पोटात असताना आईचे हार्मोन त्याच्यापर्यंत पोचलेले असतात, त्यांच्या जोरावर जन्मानंतर काही महिने बाळाच्या तैलग्रंथी जोरात चालतात असं मानतात, आणि त्यात आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारं मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, या तेलावर पोसतं. म्हणून तर हे जन्मल्या जन्मल्या दिसत नाही, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर सुरू होतं, तीनेक महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेक बाळांचं पहिल्या वाढदिवसाच्या आत आपोआप जातं. काहीही न करता. हे वाक्य कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं, कारण "काही करू नका" असा मेसेज कोण पुढे पाठवणार?

आता ते तेल. मॅलेसेझियाला स्वतःची फॅटी ॲसिड बनवता येत नाहीत, बाहेरून मिळाली तरच ते वाढतं, आणि त्यामुळे प्रयोगशाळेत ते वाढवायचं असेल तर प्लेटवर चक्क ऑलिव्ह ऑइलचा थर देतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन मिनिटं गप्प बसले होते, कारण आपण रात्रभर टोपीखाली तेच करत असतो. शिवाय २०१३ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठातल्या लोकांनी मोठ्या माणसांच्या त्वचेवर ऑलिव्ह ऑइल काही आठवडे लावून बघितलं होतं, तर त्वचेचं वरचं संरक्षक आवरण सुधारायच्या ऐवजी कमजोर झालेलं दिसलं. तेलाचा उपयोग अगदीच नाही असं नाही हां, उपयोग एवढाच की खपली मऊ पडते. त्यासाठी चार थेंब पुरतात, शक्यतो मिनरल ऑइल किंवा साधी पेट्रोलियम जेली, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि मग सौम्य बेबी शॅम्पूने पूर्ण धुऊन काढायचं. धुणं हा महत्त्वाचा भाग आहे. लोक लावायचं लक्षात ठेवतात आणि काढायचं विसरतात, मग तेल आणि खपल्या मिळून जो लगदा होतो तो पहिल्यापेक्षा वाईट दिसतो आणि बाई म्हणते, "बघ, वाढलंच, अजून तेल हवंय."

कापूर. यावर चर्चाच नको. नैसर्गिक आहे ना, मग असू दे, असं म्हणणाऱ्यांना सांगते की कापूर त्वचेतून अंगात जातो, आणि बाळाचे हात डोक्यावरून तोंडात जायला सेकंद लागत नाही. थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर लावायचाच नाही. मोठ्यांच्या मलमातसुद्धा अमेरिकेत ११ टक्क्यांच्या वर कापूर घालू देत नाहीत, आणि आपण तेलात किती चुरला ते कोणी मोजलंय?

मग कंगवा. "मुळापासून काढा" लिहिणाऱ्याला मला विचारायचंय की मूळ कुठे असतं रे खपलीला? ती काय गवत आहे? खपलीच्या खाली कोवळी गुलाबी त्वचा असते, नख लागलं तरी ओल येते. बहिणीचं एकदा करून झालं होतं, व्हिडिओ कॉलवर तिने कंगवा कॅमेऱ्यासमोर धरला, दातांमध्ये पिवळे पापुद्रे, त्यांना चिकटलेले चार-पाच मऊ केस आणि एका दातावर रक्ताचा टिपका. तो टिपका म्हणजे जंतूंना दार उघडून दिल्यासारखं आहे, मग तिथे पू होतो आणि मग खरंच अँटिबायोटिक लागतं. शॅम्पूचा फेस असताना मऊ ब्रशने किंवा मऊ कापडाने गोल गोल फिरवायचं, जे सुटेल ते सुटू द्यायचं, जे नाही सुटलं ते पुढच्या आंघोळीला.

केस येत नाहीत, हे साफ खोटं. खपलीबरोबर केस निघतात ते परत येतात. आणि यात योगायोगाचा भाग आहे तो कोणी सांगत नाही, जन्मतःचे केस तसेही पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच बाळांचे गळतात, खपल्या असोत नसोत. दोन्ही एकाच वेळी दिसतं म्हणून एकाने दुसरं झालं असं वाटतं.

"आई नीट धुत नाही" यावर मात्र मला दोन गोष्टी म्हणायच्यात. एक तर हा आळ आहे. ज्या बाळाला रोज आंघोळ घातली जाते त्यालाही हे होतं, याचा घाणीशी संबंध नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. पण थोडं खरंही आहे, वेगळ्या अर्थाने. खपल्या सगळ्यात जाड कुठे असतात बघा, बरोबर टाळूवर, जिथे हाडं अजून जुळलेली नसतात आणि ठोका बोटाला जाणवतो. तिथे हात लावायचीच भीती वाटते, मलाही वाटायची, सगळं डोकं चोळायचं आणि टाळूवरून नुसतं पाणी सोडायचं. त्या मऊ जागेखाली चांगलं चिवट आवरण असतं, बोटांच्या पेरांनी हलकं चोळल्याने काही होत नाही. टाळू भरायला बहुतेक मुलांना वर्ष-दीड वर्ष लागतं, तोपर्यंत तिथला शॅम्पू नुसता वाहून जाऊ द्यायचा का?

लिंबू. जिथे खरवडून रक्त काढलंय तिथे लिंबाचा रस लावायचा, हे लिहिणाऱ्याने आधी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लावून बघावं. रस त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आम्लाचा असतो, आणि रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येतात. पुढे.

मोठ्यांच्या कोंड्याच्या शॅम्पूत अनेकदा सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे खपल्या सोलून काढणारं रसायन, असतं. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचा भरपूर, डोकं तर अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं, त्यामुळे आपल्याला जे नुसतं वरवर लागतं ते बाळाच्या रक्तात आपल्यापेक्षा खूप जास्त प्रमाणात उतरू शकतं. पाणी घातलं म्हणून ते बाळाचं होत नाही, डोळ्यात गेलं तर झोंबतंच. आता हेही खरं की खूप जाड किंवा लालसर असेल तर डॉक्टर कधीकधी केटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशी मारणारा शॅम्पू किंवा थोडे दिवस हायड्रोकॉर्टिझोनचं, म्हणजे सौम्य स्टिरॉइडचं मलम देतात, पण किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा, हे बघून देतात. २०१९ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधोपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, या विषयावरच्या चाचण्या गोळा केल्या तर जगभरातून सहाच सापडल्या, सगळी मिळून ३१० मुलं, आणि कुठल्याच उपायाबद्दल छातीठोक सांगता येईल असा पुरावा नाही म्हणाले. बायोटिन या जीवनसत्त्वाचे ड्रॉप्सही त्यात होते, त्यांचाही फायदा सिद्ध झाला नाही. इतक्या कमी पुराव्यावर कोणी १०० टक्के लिहीत असेल तर समजून घ्या.

आणि आता माझा राग. "० ते १० वर्षांच्या सर्व मुलांसाठी".

माझा मुलगा पाच वर्षांचा होता. डोक्याच्या मागच्या बाजूला कोंडा दिसायला लागला, खाजवायचा. तेव्हा याच मेसेजचा थोरला भाऊ फिरत होता, आणि मी शहाणी, दोन महिने तेल, कंगवा, तेल, कंगवा. एक दिवस केस बाजूला केले तर नाण्याएवढा गोल चट्टा, त्यात केस गळलेले नव्हते, कातडीला लागून तुटलेले होते, मिरी कुटून भुरभुरावी तसे काळे ठिपके. डॉक्टरांनी आधी मानेमागे बोटं फिरवली, तिथे गाठी हाताला लागत होत्या, मग चट्ट्यावरचं थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि तपासायला पाठवलं. निघाला डोक्याचा नायटा, टिनिया कॅपिटिस. तो कोंडा नव्हताच.

आणि तेव्हा कळलेली गोष्ट ही की तीन-चार वर्षांच्या मुलाला खरा कोंडा सहसा होतच नाही. बाळपणीचा जोर ओसरला की तैलग्रंथी शांत होतात, त्या परत जाग्या होतात वयात येताना. मधल्या वर्षांत डोक्यात पापुद्रे दिसले तर ते दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त. नायटा असेल तर बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, तिथे तेल, मलम, शॅम्पू काही पोचत नाही, पोटातूनच औषध घ्यावं लागतं, टर्बिनाफिन किंवा ग्रिसिओफुल्विन, आणि तेही आठवडेच्या आठवडे. शॅम्पू देतात तो दुसऱ्यांना लागू नये म्हणून. कारण हा लागतो. टोपीतून, उशीतून, आणि हो, कंगव्यातून. मी त्याचं डोकं खरवडून झालं की त्याच कंगव्याने थोरलीची वेणी घालत होते. पुढच्या महिन्यात तिच्याही डोक्यात चट्टा. दोघांना सहा-सहा आठवडे औषध, आणि तोवर घरात माझी मान खाली. यात कोणीतरी "हे लाव, दोन दिवसांत जाईल" म्हणून स्टिरॉइड मिसळलेलं मलम सुचवतं तेही घेऊ नका, वरून लाली जाते आणि आत बुरशी पसरत राहते.

बाकीचं पटकन. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, गालावरही पुरळ असेल आणि मूल रात्री खाजवून उठत असेल तर एक्झिमा असू शकतो. केसांच्या कडेला आणि कानामागे जाड, चंदेरी थर असेल तर सोरायसिस. आणि पांढरा ठिपका केसावरून बोटाने सरकत नसेल तर ती लीख आहे, कोंडा सरकतो.

त्यामुळे "डॉक्टरकडे जाण्याची गरज नाही" हे अर्ध्या मुलांपुरतंच खरं आहे, आणि कोणत्या अर्ध्या ते मेसेज सांगत नाही. अडीच महिन्यांची, हसरी, दूध पिणारी, खपल्यांचं स्वतःला काही पडलेलं नाही अशी पोरगी असेल तर खरंच घाई नाही. पण त्वचा लाल होऊन पाणी किंवा पू येतोय, वास येतोय, खपल्या अंगभर पसरतायत, बाळाचं वजन वाढत नाहीये, जांभळट बारीक ठिपके दिसतायत, वर्ष उलटून गेलं तरी जात नाहीये, किंवा मूल मोठं आहे आणि केस तुटतायत, यातलं काहीही असेल तर दाखवायचं, आणि जायच्या आधी डोक्याला तेल लावून जायचं नाही, डॉक्टरला नीट दिसत नाही.

बहिणीने काल फोटो पाठवला. भुवया साफ झाल्यात, टाळूवर अजून नखाएवढं शिल्लक आहे, तिला ते खुपतंय पण हात आवरलाय म्हणाली. कंगवा मी तिला त्याच रात्री फेकायला लावला, फोन चालू ठेवून, डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकू आल्यावरच ठेवला.