‘माजावरच्या कुत्रीला बाहेर न्यायचेच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या मागील लेखावरची आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे तिचे उत्तर दोन ओळींत उरकणे मला योग्य वाटत नाही. तो लेख न वाचलेल्यांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात सांगते. नसबंदी न झालेली कुत्री माजावर असताना तिला पुण्यासारख्या शहरात फिरायला कसे न्यावे, हा त्या लेखाचा विषय होता. आपला पहिला आक्षेप असा की, असे लिहून मी लोकांना नको ते धाडस शिकवते. रक्त जाते तेवढे आठ-दहा दिवस कुत्रीला घरात ठेवावे, रक्त थांबले की प्रश्न संपला. दुसरा असा की, अशी कुत्री रस्त्यावर दिसली की गल्लीतले सारे कुत्रे सोसायटीच्या फाटकाशी गोळा होतात आणि रात्रभर भांडतात, तो त्रास शेजाऱ्यांनी का सोसावा. तिसरा असा की, नसबंदी न करता कुत्री पाळणे हाच मुळात बेजबाबदारपणा आहे. आणि शेवटी आपण आपल्या चार वर्षांच्या लॅब्राडोर नराविषयी एक प्रश्न विचारला आहे.

‘रक्त थांबले की प्रश्न संपला’ हे आपले वाक्य आधी बाजूला काढते, कारण नको असलेली पिल्ले बहुधा याच समजुतीतून पदरात पडतात. माजाचा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असतो, पण काही माद्यांमध्ये तो तीन-चार दिवसांत आटोपतो तर काहींमध्ये सतरा दिवसांपर्यंत लांबतो. या टप्प्यात जननभागावर सूज येते, लाल स्राव जातो आणि नर मागे लागतात. मात्र मादी त्यांना जवळ येऊ देत नाही, गुरगुरते किंवा सरळ खाली बसते. त्यानंतरचा दुसरा टप्पाही सरासरी नऊच दिवसांचा असतो, पण त्याची व्याप्ती तीन दिवसांपासून एकवीस दिवसांपर्यंत असू शकते. आता स्राव फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाचा होतो, सूज मऊ पडते आणि मादी शेपटी एका बाजूला घेऊन नरापुढे स्थिर उभी राहते. गर्भ राहतो तो याच टप्प्यात. फरशीवरचे डाग दिसेनासे झाले म्हणून मालक ज्या दिवशी सुटकेचा नि:श्वास टाकतो, त्या दिवशी खरे जोखमीचे दिवस सुरू झालेले असतात.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. बीजांडे बाहेर पडल्यानंतर त्यांना पक्व होण्यास सुमारे दोन दिवस लागतात, आणि नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात सहा-सात दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे ‘योग्य दिवसा’च्या बऱ्याच आधी झालेला संयोगही वाया जात नाही. शिवाय काही माद्यांमध्ये लाल स्राव दुसऱ्या टप्प्यातही चालूच राहतो, काहींमध्ये तो इतका अल्प असतो की त्या चाटून स्वच्छ करतात आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. तरुण मादीचा माज तर सुरू होऊन मध्येच थांबतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. म्हणून रंग पाहून निर्णय घेऊ नये. पहिला डाग दिसला तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि तेथून किमान तीन आठवडे मोजावेत. मी स्वतः चार आठवडे धरते आणि सूज पूर्ण उतरली आहे ना, हे पाहूनच पट्टा सैल करते.

एकदा चार आठवडे हा हिशेब मान्य केला की ‘घरातच ठेवा’ या सल्ल्याचे स्वरूप बदलते. उंच भिंतीचे आवार असलेल्या बंगल्यात, माणूस सोबत उभा राहणार असेल तर, ते जमू शकेल. पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, ज्या कुत्रीला लहानपणापासून घरात लघवी करायची नाही असे शिकवलेले आहे, तिच्या बाबतीत ते जमत नाही. माजावर असताना ती नेहमीपेक्षा अधिक वेळा लघवी करते, आणि घरात करणे तिला चुकीचे वाटत असल्याने तासन्‌तास कोंडून धरते. गावाकडे कुत्रीला अंगणात साखळीने बांधून ठेवण्याची जी रीत आहे ती तर सर्वांत वाईट, कारण कुंपण ओलांडून येणाऱ्या नरासाठी ती अडथळा ठरत नाही आणि मादीला पळण्याची सोयही ठेवत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, घर सुरक्षित आणि रस्ता धोक्याचा ही विभागणीच मला पटत नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक घोटाळे फिरायला नेताना झालेले नाहीत, ते दारात झालेले आहेत. घरकामाच्या मावशी आत येतात, सामान पोचवणारा मुलगा दार अर्धे उघडे ठेवून सुटे पैसे शोधत असतो, लहान मूल खाली खेळायला पळते, आणि एरवी उंबरठाही न ओलांडणारी गरीब कुत्री क्षणात जिना उतरून गेलेली असते. दुसऱ्या टप्प्यात मादी नराची नुसती वाट पाहत नाही. ती स्वतः त्याला शोधत निघते. जिच्या गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्याचे दुसरे टोक मोठ्या माणसाच्या मनगटाला आहे, ती कुत्री त्या क्षणी घरातल्या मोकळ्या कुत्रीपेक्षा अधिक सुरक्षित असते, असे मी म्हणते ते यामुळे.

अर्थात पट्टा कसा, हा प्रश्न उरतोच. लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा या दिवसांत कपाटात ठेवावा. पाच-सहा फुटांचा जाड पट्टा पुरतो. नुसता गळपट्टा नको, कारण मादी मागे सरकून मान खाली घालते आणि त्यातून निसटते. अंगावर हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, आणि गळ्यात पट्टा असे दोन्ही घालून एकच दोर दोन्हींत अडकवावा. मुलांच्या हाती दोर देऊ नये. सोबत दुसरे माणूस असेल तर उत्तम. त्याच्या हाती मिटलेली छत्री असावी. पुढे येणाऱ्या नरासमोर ती एकदम उघडली की तो दचकून थबकतो आणि मध्ये पडदाही होतो. दगड मारणे, काठीने झोडणे यातून भांडण वाढते आणि चावा बहुधा माणसालाच बसतो. आपल्या कुत्रीची रेबीजची लस वेळेवर झालेली असावी. आणि तरीही माणसाला दात लागलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

वेळेबाबत मात्र इंटरनेटवरचे परदेशी सल्ले आपल्याकडे उलटे पडतात. ‘भल्या पहाटे जा, रस्ते मोकळे असतात’ हे तेथे खरे असेल. आपल्या गल्ल्यांतले कुत्रे पहाटे आणि रात्री उशिरा सर्वांत जागे असतात, टोळीने हिंडतात आणि आपली हद्द राखतात. सकाळी दहाच्या सुमारास, वाहनांची वर्दळ वाढली की तेच कुत्रे उभ्या मोटारींखाली आणि दुकानांच्या पायऱ्यांवर आडवे झालेले दिसतात. पावसाळ्यात आणि थंडीत ही वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. उन्हाळ्यात डांबर तापत असल्याने तळवा टेकवून पाहावा आणि आधीची वेळ गाठावी. फेरी लहान असावी, नेहमीचा मार्ग टाळावा, आणि कुत्री मोकळी सोडण्याची मैदाने या काळात सर्वस्वी वर्ज्य समजावीत.

आता फाटकाशी जमणाऱ्या कुत्र्यांविषयी. येथे आपले म्हणणे बरोबर आहे आणि माझ्या लेखात या मुद्द्याला हवी तेवढी जागा मिळाली नव्हती. शेजाऱ्यांची झोप ही काही क्षुल्लक बाब नव्हे. पण कुत्रे जमतात ते कुत्री दिसल्यामुळे नव्हे, तर तिच्या लघवीच्या वासामुळे, आणि तो वास बहुतेक वेळा आपण स्वतःच फाटकापासून घरापर्यंत ओळीने सांडत आणलेला असतो. कुत्री लहान असेल तर तिला फाटकाबाहेर बरेच अंतर उचलून न्यावे. मोठी असेल आणि मोटार असेल, तर वाहनतळातूनच गाडीत बसवून थोडे दूर न्यावे, तेथे फिरवावे आणि तशीच परत आणावी. इमारतीजवळ लघवी झालीच तर सोबतच्या बाटलीतले पाणी भरपूर ओतावे. जिन्यात, लिफ्टमध्ये डाग पडला तर तो आपणच पुसावा, सफाईवाल्यावर सोडू नये. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायटीने मनाई करू नये, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेले आहे. पण हक्क आहे म्हणून भरल्या लिफ्टमध्ये माजावरची कुत्री घेऊन शिरावे असे त्यातून निघत नाही. राखणदाराला मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, कारण फाटक बंद ठेवणे त्याच्याच हाती असते.

चड्डी किंवा डायपर घातला की काम झाले, असे एका अन्य वाचकाने आपल्या प्रतिक्रियेखाली लिहिले आहे. त्याने फरशी आणि सोफा स्वच्छ राहतो, एवढेच. नर ती फाडतो किंवा बाजूला सारतो. सतत घातली तर कातडीला पुरळ येते. निलगिरीचे तेल किंवा सर्दीचा बाम शेपटीला चोळण्याचा उपाय तर करूच नये. नरांना त्याने फसवता येईल याचा भरवसा नाही, आणि मादी ते चाटते.

रात्रीच्या भांडणांमागे आणखी एक कारण असते, तेही सांगते. भाद्रपदातले कुत्रे ही आपल्याकडची जुनी ओळख उगाच नाही. रस्त्यावरच्या माद्या मोठ्या संख्येने पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात आणि थंडीच्या तोंडाशी गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. त्या दिवसांत फाटकाबाहेरचा गोंधळ सगळाच पाळीव कुत्रीच्या खात्यावर मांडता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडणे ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, नसलेले कुत्रे आपल्या गल्लीत किती आहेत, ते मोजून सोसायटीने महापालिकेकडे लेखी मागणी करावी. काही प्राणिप्रेमी मंडळी रस्त्यावरच्या माद्यांना माज थांबवणारी संप्रेरकांची इंजेक्शने परस्पर देतात किंवा माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या खाण्यात मिसळतात. हेतू चांगला असला तरी त्यातून गर्भाशयात पू होणे आणि स्तनांच्या गाठी यांचा धोका वाढतो. घरच्या कुत्रीचा चुकून संयोग झाला तरी हेच लक्षात ठेवावे. अडकलेली जोडी ओढून सोडवू नये, दोघांनाही इजा होते. ती पाच मिनिटांत सुटेल किंवा अर्ध्या तासाने. त्यानंतर पशुवैद्यांकडे जावे, औषधाच्या दुकानात नव्हे.

तिसऱ्या आक्षेपाविषयी आपल्यात फारसे अंतर नाही. ज्यांना पिल्ले नको आहेत, त्यांनी कुत्रीची नसबंदी करावी हेच माझेही मत आहे. माजानंतर दोन ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार संभवतो. स्वीडनमधील विम्याच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात, नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा दहा वर्षे वयाच्या आत या आजाराने गाठलेला आढळला होता. माजानंतर कुत्री फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, उलट्या करू लागली, तर स्राव दिसो वा न दिसो, तिला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पण नसबंदी केव्हा, याचे उत्तर सर्व जातींना एकच नाही. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले. २०२० साली त्यांनीच पस्तीस जातींचा आढावा घेतला, तेव्हा लहान चणीच्या जातींत सांध्यांबाबत तसा परिणाम दिसला नाही. म्हणून मोठ्या जातीच्या मादीचा एखादा माज होऊ द्यावा, असे अनेक पशुवैद्य सुचवतात. शिवाय ऐन माजात त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने शस्त्रक्रिया शक्यतो तेव्हा करत नाहीत; दोन-तीन महिने थांबतात. आज सकाळी जिच्या अंथरुणावर पहिला डाग दिसला, तिच्या मालकाला ‘नसबंदी करा’ हे उत्तर बरोबर असूनही आज उपयोगी पडत नाही. माझा लेख त्या मालकासाठी होता.

राहिला आपल्या लॅब्राडोरचा प्रश्न. शेजारच्या इमारतीतली कुत्री माजावर आल्यापासून तो जेवत नाही, दाराशी रडतो, आणि ‘एकदा त्याला लावले की शांत होईल’ असे कोणी सांगितले आहे, ते खरे का, असे आपण विचारता. ते खरे नाही. एका संयोगाने नराची ओढ कमी होत नाही. तो एक-दोन दिवस कमी जेवला तर काळजी नको. त्याहून अधिक काळ अन्न टाळले तर तपासून घ्यावे. त्याला त्या इमारतीच्या विरुद्ध दिशेला न्यावे, फेऱ्या लांब कराव्यात, आणि पट्ट्याविना मुळीच सोडू नये. मात्र एक निरीक्षण आपण रागवणार नाही या भरवशावर नोंदवते: नसबंदी न करता कुत्रे पाळणे बेजबाबदारपणाचे असेल, तर तो नियम नरालाही लागू होतो. चार वर्षांच्या नराची शस्त्रक्रिया मादीच्या तुलनेत सोपी असते. ती केल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तेव्हा लगेच निर्धास्त होऊ नये. आणि शेजारच्या कुत्रीच्या मालकांना भेटून तिचा पहिला डाग कोणत्या तारखेला दिसला, ते विचारून घ्यावे, म्हणजे आपल्यालाही किती दिवस काढायचे आहेत ते कळेल.